पाण्याखालच्या मुलखाची प्रतबंदी : राज्य वन्यजीव मंडळास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सभासद,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ यांसी



१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९९१ साली जे २६-अ हे कलम घालण्यात आले, त्यामध्ये सागरी हद्दीतील एखादा प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर करावयाचा झाल्यास दोन गोष्टी अवश्य कराव्यात असे सांगितले आहे: त्या प्रदेशाच्या सीमा केंद्र सरकारच्या मुख्य नौदल जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज करावी. कायद्याच्या रुक्ष भाषेत सहसा न आढळणारे एक शहाणपण या तरतुदीत आहे. समुद्राच्या तळाविषयी ज्यांना पिढ्यानपिढ्या प्रत्यक्ष ज्ञान होते असे दोनच वर्ग आपल्याकडे नांदत आले, एक शिसे सोडून पाणी मोजणारा आणि दुसरा जाळे सोडून पोट भरणारा. कायदेमंडळाने या दोघांनाही सीमा आखण्याच्या कामी हाक मारली. परंतु या दोघांच्या ज्ञानाचा सांधा जुळविणारा जो कागद, म्हणजे तळावर कोठे कोणते जीवन वसते याचा नकाशा, तो संपूर्ण किनाऱ्यापुरता तयार होऊन सरकारी निर्णयांच्या दप्तरात अद्याप रुजू झालेला नाही. तो कसा व्हावा, आणि तो होईपर्यंत आपल्या मंडळाने कोणती सावधगिरी बाळगावी, याविषयी हे पत्र आहे.

आपल्याजवळ समुद्राचे नकाशे नाहीत असे कोणी म्हणणार नाही. १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचे जे खाते स्थापन झाले त्याचा वारसा आज डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय चालवीत आहे, आणि त्याचे नकाशे विश्वासार्ह आहेत. पण ते नकाशे जहाजांसाठी आहेत. जहाजाचे बूड खडकाला लागू नये आणि नांगराला धरावयास जमीन मिळावी, एवढाच त्यांचा मूळ हेतू. पूर्वीच्या काळी शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी माखून ते तळाला टेकवीत. चरबीला वाळू चिकटून आली की वाळू, चिखल लागला की चिखल, आणि काहीच न लागता नुसता ओरखडा उमटला की खडक, अशी नोंद खोलीच्या आकड्याशेजारी होत असे. त्या खडकावर प्रवाळ वाढला होता की शेवंडांची घरे होती, त्या चिखलात कोळंबीची पिले वाढत होती की तो निर्जीव होता, याची विचारपूस करण्याचे त्या खात्याला कारणच नव्हते.

दुसरा आधार जागतिक खोली-नकाशांचा. समुद्रतळाचे सर्व उपलब्ध मोजमाप एकत्र करून जो आंतरराष्ट्रीय नकाशा प्रसिद्ध होतो, त्याची जाळी पंधरा विकलांची, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींची आहे. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते सुमारे ४८ एकरांचे. या जाळीतील एक चौकट जवळजवळ तेवढीच भरते. अर्थात कुरट्याएवढा एक आख्खा खडप पाण्याखाली असेल, तर या नकाशावर तो फार तर एका आकड्यापुरता उरेल, आणि त्याहून लहान असेल तर नाहीसाच होईल. शिवाय त्या चौकटीतील आकडाही बहुतेक ठिकाणी मोजलेला नसतो. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची अतिसूक्ष्म उंच-सखलता टिपतात, तीवरून तळाच्या गुरुत्वाकर्षणाचे आणि गुरुत्वाकर्षणावरून खोलीचे अनुमान होते. २०१७ साली सर्व महासागरांचा तळ २०३० पर्यंत प्रत्यक्ष मोजण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प सोडला गेला, तेव्हा नीट मोजलेला भाग सहा टक्के होता. आज तो एक चतुर्थांशाहून थोडा अधिक झाला आहे. आणि हे केवळ खोलीचे झाले, जीवनाचे नव्हे.

या अज्ञानाचा कायद्यावर जो परिणाम होतो तो मंडळाने विशेषत्वाने ध्यानी घ्यावा. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळ आणि समुद्रगवत यांना सर्वांत कडक संरक्षणाचा पहिला वर्ग दिलेला आहे. ओहोटीच्या रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचे बाकीचे पाणी आणि त्याखालचा तळ हे सारे चौथ्या वर्गात मोडते. २००१ पासून खडक-प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतही आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांची प्रतिष्ठा वाघाइतकी आहे. परंतु ही सारी प्रतिष्ठा ज्ञात प्रवाळाची. जो प्रवाळ कोणी पाहिलेला नाही तो चौथ्या वर्गात पडून राहतो, त्याच्यावरून तळ खरवडणारी जाळी फिरतात, त्याच्या अंगावर बंदराचा गाळ येऊन पडतो, आणि तो मेला तरी कोणत्याही दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद होत नाही, कारण त्याच्या जन्माचीच झालेली नव्हती.

मग सगळा तळ डोळ्यांनी पाहावा काय? ते शक्य नाही. पाणबुड्या उतरवून किंवा कॅमेरा सोडून एका फेरीत जी पट्टी दिसते ती काही मीटर रुंदीची असते; किनाऱ्यापासून समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंतचे आपले क्षेत्र हजारो चौरस किलोमीटरांचे आहे. कोकणच्या पाण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे हात-दोन हातांपलीकडचे दिसत नाही, आणि वरून पाहणाऱ्या उपग्रहाचा प्रकाश तर या गढूळ पाण्यात तळापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून थोडे पाहून उरलेल्याचे अनुमान करणे, हा एकच मार्ग शिल्लक राहतो. ज्याला आज अधिवासांचे भाकीत करणारे गणिती प्रारूप म्हणतात ते याच मार्गाचे शास्त्र आहे. आणि अनुमानावर राज्यकारभार कसा चालवावा, या प्रश्नाने ज्यांना धास्ती वाटत असेल त्यांना आपल्याच महसुली इतिहासातील एका प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते.

पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास जमिनीची पाहणी हाती घेतली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न किती, हे खर्च वजा जाता काढावे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, असे त्यामागचे अर्थशास्त्रीय तत्त्व होते. कागदावर ती पाहणी अतिशय सूक्ष्म दिसे. पण तिचे आकडे जागच्या जागी पडताळून पाहण्याची सोय नव्हती. हाताखालच्या लोकांनी ते मनास येतील तसे, काही ठिकाणी पैसे खाऊन, भरले. सारा असह्य झाला, आणि रयत जमिनी टाकून निघून गेली. त्यानंतर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली. त्यांनी कोणाचेही पीक मोजले नाही. त्यांच्या कारकुनांनी शेतात ठिकठिकाणी खणून मातीचा रंग आणि पोत पाहिला, थराची खोली हातांनी मोजली, आणि चुनखडी, वाळू, उतार, वाहत्या पाण्याने धूप होण्याची भीती, झऱ्याची फाजील ओल असे जे दोष असतील ते टिपून जमिनीला नऊ प्रतींपैकी एक प्रत दिली. दिसणाऱ्या गुणांवरून न दिसणाऱ्या उत्पन्नाचे हे अनुमानच होते. पण त्याची रीत उघड होती, कोणीही शेतकरी पहार घेऊन ती तपासू शकत होता, आणि त्याची मुदत तीस वर्षांची होती, म्हणजे ते पुन्हा पारखले जाईल हे आरंभीच मान्य केलेले होते. ती प्रतबंदी शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या जमीन महसुलाचा पाया होऊन राहिली. समुद्राच्या बाबतीत प्रिंगलची पाहणी करावयाची की विंगेटची, हा आपल्यापुढील प्रश्न आहे असे मला मनापासून वाटते.

या नव्या प्रतबंदीची रीत थोडक्यात अशी. प्रथम जहाजाच्या बुडाशी बसविलेल्या बहुकिरणी ध्वनिमापकाने, ज्याला त्या व्यवसायातील सारे मल्टीबीम म्हणतात, ध्वनीचे शेकडो किरण पंख्यासारखे पसरून तळाची खोली सलग मोजावयाची. तोच प्रतिध्वनी किती जोराने परत आला यावरून तळ टणक आहे की मऊ हे कळते. खोलीच्या आकड्यांवरून उतार, खडबडीतपणा आणि एखादी जागा सभोवतालाच्या मानाने उंचवट्यावर आहे की खळग्यात, हेही गणिताने निघते. त्यात तळाशी पोहोचणारा प्रकाश, तपमान, क्षारता, प्रवाहाचा वेग, प्राणवायू यांचे थर मिळवावयाचे. असा प्रत्येक चौकटीचा भौतिक दाखला तयार झाला म्हणजे काही निवडक ठिकाणी कॅमेरा सोडून आणि तळाची माती उचलून तेथे प्रत्यक्ष काय राहते ते पाहावयाचे. नंतर संगणकाला विचारावयाचे की, जेथे प्रवाळ दिसला त्या जागांचे भौतिक दाखले कसे होते, आणि तसेच दाखले आणखी कोठे आहेत? २००१ साली ब्रायमन या संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या एका रीतीत शेकडो निर्णयवृक्ष सामग्रीच्या वेगवेगळ्या भागांवर वाढवून त्यांचे बहुमत घेतात. फिलिप्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्सेंट नावाची दुसरी रीत, जेथे जीव सापडला तेवढ्याच नोंदींवर काम करते आणि त्या नोंदींशी सुसंगत अशा वाटण्यांपैकी सर्वांत कमी आगाऊ गृहीत धरणारी वाटणी निवडते. उत्तर मिळते ते होय-नाहीचे नसते, संभाव्यतेचे असते: या चौकटीत प्रवाळास अनुकूल स्थिती असण्याचा संभव दहात आठ, त्या चौकटीत दहात एक.

ही रीत परदेशात चालली म्हणून येथे जशीच्या तशी चालेल, असे मात्र कोणी समजू नये. कोकणच्या समुद्राचा स्वभाव वेगळा आहे. किनाऱ्यालगत सुमारे पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेल्या गाळाचा चिखल पसरलेला आहे. त्याच्या पलीकडे समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या भागात जी वाळू आणि चुनखडीचे कण आहेत ते आजच्या समुद्राने आणलेले नाहीत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हाच्या व नंतर वर चढत गेलेल्या किनाऱ्यांचे ते अवशेष होत. म्हणजे एकाच नकाशात दोन काळांचे तळ शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान करू गेल्यास घोटाळा ठरलेला. त्याहून महत्त्वाची गोष्ट प्राणवायूची. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पण प्राणवायूला मुकलेले पाणी पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रबूड जमिनीवर चढून येते, आणि पावसाळा संपता संपता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, तळालगतचा प्राणवायू कित्येक ठिकाणी नाहीसा होण्याच्या बेताला येतो. ही स्थिती तीव्र होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगापुढे मांडले. आता प्रारूपात प्राणवायूची वार्षिक सरासरी घातली तर हा दुष्काळ त्या सरासरीत बुडून जातो. जो प्राणी दहा महिने सुखात राहील आणि अकराव्यात गुदमरेल, त्याला ते प्रारूप तेथे बिनदिक्कत वसवील. म्हणून आमच्या समुद्राच्या प्रारूपात वर्षातील सर्वांत वाईट पंधरवड्याचा प्राणवायू गेला पाहिजे. आणि तो मोजावयाचा तर खवळलेल्या समुद्राच्या पाठोपाठ जहाजे बाहेर पडली पाहिजेत, कारण जानेवारीच्या शांत पाण्यात, जेव्हा पाहणी करणे सोयीचे असते, तेव्हा तो दुष्काळ ओसरलेला असतो.

याच ठिकाणी या शास्त्राच्या दोषांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण दोष लपविलेला नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा अधिक घातक होय. नमुने नेहमी बंदराजवळचे, सुरक्षित मार्गावरचे आणि पूर्वी प्रसिद्धीस आलेल्या जागांचे अधिक असतात. परिणामी प्रारूप जीवाची आवड शिकण्याऐवजी संशोधकांची वाट शिकते. ज्या नोंदींवरून प्रारूप घडविले त्यांच्याच लगतच्या नोंदींवर ते तपासले, तर शेजारच्या जागा एकमेकींसारख्या असल्यामुळे त्याला नव्वद टक्के गुण सहज पडतात, आणि अनोळखी प्रदेशात गेल्यावर ते तोंडघशी पडते. खरी कसोटी ही की, मालवण-देवगडाच्या नोंदी बाजूला ठेवून घडविलेले प्रारूप मालवण-देवगडाचे भाकीत कितपत करते. आणि तिसरा दोष सर्वांत खोल आहे. ज्या तळावर वर्षानुवर्षे जाळी फिरून प्रवाळ, समुद्रपंखे, स्पंज यांचा चुराडा झाला आहे, तेथे आज काही सापडत नाही. संगणक त्यावरून असे शिकतो की अशा जागी काही राहतच नसते. जाळ्यांनी केलेला विध्वंस अशा रीतीने निसर्गाचा नियम म्हणून नकाशात शिरतो आणि त्याच नकाशाच्या आधारे पुढच्या जाळ्यांना परवाना मिळतो. यावर उपाय एवढाच की, मासेमारीचा ताण हाही एक स्वतंत्र थर म्हणून प्रारूपात असावा, आणि जुन्या जाणत्यांच्या जबान्या पुरावा म्हणून रुजू कराव्यात.

नॉर्वेचे उदाहरण मला या बाबतीत अनुकरणीय वाटते. तेथील थंड, काळोख्या पाण्यातील प्रवाळभिंतींविषयी मच्छीमार कित्येक दशके सांगत होते, कारण त्यांच्या जाळ्यांत मोडलेले तुकडे येत. बर्गेनच्या सागर-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या जबान्या आणि प्रत्यक्ष निरीक्षणे जुळवून २००२ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, नॉर्वेच्या पाण्यातील या भिंतींपैकी ३० ते ५० टक्क्यांना तळ खरवडणाऱ्या जाळ्यांची झळ पोहोचलेली आहे. त्याच वर्षी लोफोटेनच्या पश्चिमेस तीनशे-चारशे मीटर खोलीवर रोस्ट नावाची अतिविशाल प्रवाळभिंत सापडली आणि पुढच्याच वर्षी तेथे तळाच्या जाळ्यांना मनाई झाली. त्यानंतर २००५ मध्ये मारेआनो हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला: आधी सलग ध्वनिमापन, मग ठरवून निवडलेल्या ठिकाणी कॅमेरा, मग अधिवासांचे भाकीत-नकाशे, आणि हे सारे लोकांसाठी खुले. प्रवाळाच्या जागा उघड केल्या तर लोभी लोक तेथेच जातील, अशी शंका आपल्याकडे हटकून निघेल. ती अगदीच निराधार नाही, आणि फार नाजूक अशा एखाद्या जागेपुरती नकाशाची जाळी जाड ठेवण्यास माझी हरकत नाही. परंतु गुप्ततेने आजवर समुद्राचे रक्षण झाल्याचा दाखला नाही, आणि जो नकाशा मच्छीमाराने पाहिलेलाच नाही तो त्याने पाळावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

ऑस्ट्रेलियाने २००४ साली ग्रेट बॅरियर रीफची जी फेरआखणी केली तिच्यातून दुसरा धडा घेण्यासारखा आहे. तेथील तज्ज्ञांनी समुद्राचे ७० जैवप्रदेश पाडले, त्यांपैकी ४० प्रवाळेतर होते, म्हणजे वाळू, चिखल, समुद्रगवत आणि मोकळ्या तळाचे. आणि प्रत्येक जैवप्रदेशाचा किमान वीस टक्के भाग मासेमारीपासून मुक्त राहावा असे तत्त्व ठरविले. परिणामी पूर्ण संरक्षित क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते ते एकतृतीयांशावर गेले. जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रवाळराशीच्या रक्षणकर्त्यांनी चिखलालाही वाटा दिला, ही गोष्ट आपल्या मंडळाने मनावर घ्यावी. आमच्याकडे सागरी संरक्षण म्हटले की चित्र उभे राहते ते रंगीबेरंगी माशांचे; पण कोळंबीचे बालपण, बोंबलाचा आणि डोल जाळ्यांवर जगणाऱ्या उत्तर कोकणातील शेकडो कुटुंबांचा आधार हा त्या अनाकर्षक, गढूळ, मऊ तळावर आहे. त्याच्यासाठी कोणी चित्रपट काढणार नाही. म्हणून तर त्याची नोंद सरकारी कागदात असणे अधिक अगत्याचे.

आता आंग्रिया बँकेविषयी. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, समुद्रबूड जमिनीच्या कडेजवळ, सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटरांपर्यंत वर येतो आणि त्याच्या कडांपलीकडे समुद्र शेकडो मीटर खोल जातो. किनाऱ्यापासून एवढे दूर असल्यामुळे नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नाही, पाणी स्वच्छ राहते, आणि प्रवाळाला हवा असलेला प्रकाश माथ्यावर मिळतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी तेथे मोहीम काढून या जीवनाची पाहणी केली आहे. हे पठार बारा मैलांच्या पलीकडे, म्हणून आपल्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर पडते. तथापि १९७६ च्या सागरी क्षेत्रांविषयीच्या केंद्रीय कायद्यात समुद्रबूड जमिनीचा किंवा अनन्य आर्थिक क्षेत्राचा कोणताही भाग 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करून तेथील सागरी पर्यावरणाच्या रक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. महाराष्ट्राने त्यासाठी आग्रह धरावा, आणि तो धरताना हातात पठाराच्या माथ्याच्या छायाचित्रांखेरीज त्याच्या उतारांचाही भाकीत-नकाशा असावा. माथ्यावर पाणबुडे पोहोचतात. पण प्रकाश मंदावतो त्या पन्नास ते दीडशे मीटरांच्या पट्ट्यात काय आहे, हे कळल्यावाचून संरक्षणाची रेषा कोठे ओढावी हे ठरणार नाही, आणि माथ्याभोवती घट्ट ओढलेली रेषा ही झाडाचा शेंडा राखून बुंधा तोडू देण्यासारखी होईल.

वेळ थोडा आहे असे म्हणतो त्यास कारण आहे. सागरी क्षेत्रांतील खनिजांविषयीचा २००२ चा कायदा २०२३ मध्ये सुधारून लिलावाची पद्धत आणण्यात आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिले तेरा पट्टे लिलावास काढण्यात आले: गुजरातच्या समुद्रात चुन्याचा गाळ, केरळच्या समुद्रात बांधकामाची वाळू, ग्रेट निकोबारजवळ बहुधातू गोटे आणि कवच. महाराष्ट्राचा तळ त्या यादीत नव्हता; पण यादी पुढे वाढणार नाही असे कोणी सांगितलेले नाही. डहाणूजवळ वाढवण बंदरासाठी सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढावयाचा आहे आणि भरावाची वाळू दमणलगतच्या सागरतळातून उचलण्याचे नियोजन आहे. या उद्योगांच्या गुणदोषांची चर्चा या पत्राचा विषय नाही. माझे म्हणणे इतकेच की, खनिजासाठी, वाळूसाठी, तेलासाठी तळाचे चौकोन पाडले जात आहेत आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक मिळत आहे. जीवनाच्या नोंदीसाठी मात्र अजून असे चौकोन पाडलेले नाहीत. अशा स्थितीत 'सदर क्षेत्रात महत्त्वाचे जीवन आढळले नाही' असे वाक्य एखाद्या अहवालात आपल्यापुढे आले तर, माती किती ठिकाणी उचलली, कोणत्या महिन्यात उचलली, कॅमेरा किती लांबीच्या पट्टीवर फिरला, हे मंडळाने विचारल्याखेरीज त्या वाक्याखाली शेरा मारू नये. न पाहिलेला तळ आणि रिकामा तळ यांत भेद न करणे हीच आजवरची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती सुधारण्यास नवे यंत्र लागत नाही.

मालवणचा अनुभव यासाठीच सांगतो. १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२ चौरस किलोमीटरांचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा कलम २६-अ अस्तित्वात नव्हते. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या परिसरातील प्रवाळ आणि खडप राखावे हा हेतू शुद्ध होता. पण ज्या गाबितांनी आणि रापणकरांनी त्या पाण्यात जन्म काढला त्यांना आपली संमती विचारली गेली नाही असे वाटले, आणि संरक्षण हे नाव काढताच आपले पाणी जाणार अशी धास्ती गावोगाव बसली ती पुष्कळ अंशी अजून आहे. त्या धास्तीला उत्तर भाषणांनी मिळत नाही. ज्या तांडेलाने तीस वर्षे त्या पाण्यात होडी घातली त्याला, बारा वावांवर खडप कोठे लागतो, गळ कोठे अडकतो, तांबोशी आणि गोबरा कोणत्या महिन्यात कोठे मिळतो, पूर्वी कोठे मिळत असे आणि आता का मिळत नाही, हे विचारले आणि त्याचे उत्तर नकाशात त्याच्याच डोळ्यांदेखत उमटले, तर तो नकाशा त्याचा होतो. असे विचारणे ही त्याच्यावर मेहेरबानी नव्हे. त्याची नोंद ही तीस वर्षांची, सर्व ऋतूंतली, आणि कोणत्याही संशोधन-जहाजाला परवडणार नाही एवढ्या वेळा त्याच जागी घेतलेली असते. शास्त्रीयदृष्ट्या तिची किंमत फार मोठी आहे, फक्त ती लिहून घेण्याची रीत शिस्तीची असली पाहिजे.

तेव्हा मंडळापाशी मागणे आहे ते असे. ओहोटीच्या रेषेपासून आंग्रिया बँकेपर्यंतच्या महाराष्ट्रासमोरील तळाचा अधिवास-नकाशा तयार करण्याचा ठराव करून तो राज्य सरकारमार्फत केंद्राकडे पाठवावा. जलसर्वेक्षण कार्यालयाकडील खोलीची मापे, संरक्षणाच्या दृष्टीने जेवढी देता येतील तेवढी, त्या कामी मिळावीत अशी विनंती त्यातच असावी. नकाशासोबत दोन पत्रके अवश्य प्रसिद्ध व्हावीत, एक प्रत्येक चौकटीतील भाकिताची खात्री किती हे दाखविणारे आणि दुसरे प्रत्यक्ष पाहिलेल्या जागांचे. ही दोन पत्रके नसतील तर तो नकाशा कोणत्याही मंजुरीस आधार धरू नये. संरक्षणाची क्षेत्रे निवडताना प्रवाळ, खडप, वाळू, चिखल यांपैकी प्रत्येक प्रकाराचा वाटा आधी ठरवावा आणि जागा नंतर, मच्छीमारांच्या सल्ल्याने, निवडाव्यात. नकाशाला मुदत असावी. तीस वर्षे आता फार होतात, समुद्र वेगाने तापत आहे, दर सात-आठ वर्षांनी फेरपाहणी व्हावी.

आणि आरंभ कोठून करावा म्हणाल, तर तो खर्चाच्या मंजुरीची वाट न पाहता करता येण्याजोगा आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला निघालेली असतात, आणि तांडेल घरी असतात. येत्या बंदीच्या काळात वनखात्याच्या कांदळवन कक्षाने, मत्स्यव्यवसाय खात्याने आणि एखाद्या समुद्रविज्ञान संस्थेने मिळून झाईपासून रेडीपर्यंतच्या बंदरांवर बैठका घ्याव्यात, सोबत जलसर्वेक्षणाचे नकाशे न्यावेत, सहकारी मच्छीमार संस्थांकडून त्या त्या गावच्या जाणत्या माणसांची नावे घ्यावीत, आणि वाव, खूण, मोसम आणि मासा अशा चार रकान्यांत त्यांच्या जबान्या लिहून घ्याव्यात. म्हणजे ऑगस्टनंतर, प्राणवायूचा दुष्काळ पडतो त्या आठवड्यांत, जे जहाज पाहणीला निघेल त्याला पहिला कॅमेरा कोठे सोडावा हे ठाऊक असेल.

कळावे.

आपला,
कोकण किनाऱ्यावरील एक नागरिक